तळाची खूण

हॉस्पिटलातून सुटताना माझं वजन केलं. अकरा किलो उतरलं होतं. उतरलं ते उतरलं, पण ज्या काट्यावर ते केलं त्याचा शून्यच दीडशे ग्रॅमने पुढे होता. रिकामा असतानाही तो दीडशे दाखवत होता आणि नर्सबाई खुशाल आकडा लिहून घेत होत्या. चोवीस दिवस तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असल्यामुळे माझ्या आवाजाचं भुसकट झालं होतं, तरी मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, दीडशे ग्रॅमनी काय होतंय?"

जगात जे काही वाईट चाललं आहे ते या एका वाक्यामुळे, असं माझं मत आहे. ते मी तिथेच ऐकवलं असतं, पण दम नव्हता. चाकाच्या खुर्चीत बसलो आणि बायकोने लिफ्टपर्यंत ढकलत नेलं.

मी काटेवाला. काटे बनवत नाही, बिघडलेले सरळ करतो. दुकान बाबांचं, त्यांच्यानंतर माझं आणि धाकट्या भावाचं. धाकटा मोठे काटे बघतो, गोदामांतले, भंगारवाल्यांचे, ज्यावर पोती आणि लोखंड चढतं ते. बारीक काटे माझे. सोनारांचे, औषधवाल्यांचे, अत्तरवाल्यांचे. हल्ली आकडे दाखवणारे विजेचे काटे निघाले आहेत, पण जुना सोनार अजून शेवटचा शब्द दोन पारड्यांनाच विचारतो.

बारीक काट्याचं काम असं असतं. पितळी खांबावर आडवी दांडी, दांडीच्या मधोमध पोलादाची धार, आणि त्या धारेवर सगळा तोल. दांडीच्या टोकाला एक फिरकी असते, ती केसभर फिरवून दोन्ही पारडी सारखी करायची. मग थांबायचं. सुई डुलत राहते. ती आपणहून मधल्या रेघेवर येऊन उभी राहीपर्यंत पंखा बंद, दार बंद आणि श्वासही बंद. माणसाच्या नाकातून येणारी हवा आपल्याला कळत नाही, पारड्याला कळते. लहानपणी बाबा आम्हा दोघांना समोर बसवून श्वास धरायला लावायचे आणि मोठ्याने आकडे मोजायचे. धाकटा विसाच्या आत फुटायचा. मी चाळीस ओलांडायचो. दुकानातली कामाची वाटणी अशी श्वासावर झाली, आणि तीस वर्षं ती कुणाला खटकली नाही.

आणखी एक रीत आहे. काटा सरळ झाला की त्याची बैठक उलटी करायची आणि पितळी तळावर टोचणीने आपली खूण कोरायची. तळावरच, दांडीवर कधीच नाही, कारण दांडीवरचा कण जरी खरवडला गेला तरी काटा खोटा. बाबांची खूण नुसता त्रिकोण. धाकट्याची त्रिकोणात ठिपका. माझी त्रिकोणाखाली आडवी रेघ. काटा परत बिघडून आला तर कुणाला बोल लावायचा ते त्या खुणेवरून ठरतं. माझ्या खुणेचे काटे परत येत नाहीत. गिऱ्हाईक काटा घेताना आधी तळ बघतं, पारडी नंतर.

तर असा मी, एका दीडदमडीच्या व्हायरसने आडवा केलेला. आधी घसा, मग ताप, मग छाती, आणि चौथ्या दिवशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून मी माशासारखी तोंडाची उघडझाप करत होतो. हॉस्पिटलात काय झालं ते मला फारसं आठवत नाही आणि बायको सांगत नाही. सुटताना डॉक्टर म्हणाले, "न्यूमोनिया गेलाय. फुफ्फुसांवर व्रण राहिलेत. वेळ लागेल."

"किती?"

"ते माणसागणिक वेगळं असतं."

मापं करणाऱ्या माणसाला असं उत्तर देऊ नये.

घरी येताना दोन उपकरणं बरोबर दिली. एक बोटाला लावायचा चिमटा, जो रक्तातला ऑक्सिजन सांगतो. त्याच्यावर तपासणीचा शिक्का कुणी मारला, असं मी विचारलं तर बायकोने कपाळाला हात लावला. दुसरं म्हणजे तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं खेळणं. नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. निरोगी माणूस तिन्ही उचलून धरतो. मी पहिली उचलायचो, दुसरी अर्ध्यावर थरथरायची, तिसरी जागची हलायची नाही. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा हा पाणउतारा मी करून घेत होतो.

सगळे म्हणत होते, वाचलात. शेजारचे येऊन दारातूनच म्हणायचे, वाचलात. मी मान हलवायचो. मला वाचायचं नव्हतं असं नाही, पण वाचून करायचं काय, ते कुणी बोलत नव्हतं. दोन महिन्यांनी सरकारी तपासणी येणार होती. त्या दिवसांत गावातले सगळे काटे शिक्क्यासाठी निघतात आणि आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्याच्या आत मला माझ्या स्टुलावर बसायचं होतं. बाकी कशाचीच मला पर्वा नव्हती. स्टूल गेलं की मी नुसता एक खोकणारा म्हातारा, आणि तसे गल्लीत आधीच तीन होते.

धाकटा तिसऱ्या आठवड्यात भेटायला आला. खुर्ची लांब ओढून बसला.

"दुकान कसं आहे?" मी विचारलं.

"चाललंय. ही येऊन बसते हल्ली. फोन घ्यायला, गिऱ्हाइकांशी बोलायला."

ही म्हणजे त्याची बायको, माझी भावजय. तिला साखर नीट मोजता येत नाही, असं मी त्यांच्या लग्नाच्या वर्षीच जाहीर करून टाकलं होतं.

"आणि बारीक काम?"

"होतंय कसंबसं."

"कोण करतंय?"

"बघतोय मीच." तो गुडघ्याकडे बघत म्हणाला. "दादा, तू घाई करू नकोस."

"सोमवारपासून येतो."

"जिना चढताना बसायला लागतं तुला. वहिनी सांगत होत्या."

मी बायकोकडे बघितलं. ती टेबल पुसत होती, पुसलेलंच पुन्हा.

बरीच घासाघीस झाली. शेवटी धाकटा म्हणाला, "असं करू. मी काटे घरी आणून देतो, एका वेळी एक. चार कर. चारही नीट गेले तर तपासणीच्या आधी स्टुलावर बस. मी अडवणार नाही."

मला राग आला. ज्या माणसाच्या हाताखालून हजारो काटे गेले त्याची चार काट्यांवर परीक्षा, आणि घेणारा कोण, तर विसाच्या आत फुटणारा. पण त्या दिवसांत राग आला की खोकला यायचा. खोकून झाल्यावर मी हो म्हणालो.

पहिला काटा आला तो अगदी दळभद्री होता. धारेवर गंज, साखळ्या काळ्या, लाकडी पेटीचा कप्पा उघडेना, आणि डावं पारडं खाली ओढत होतं. मी खिडकीजवळ टेबल मांडलं. डोळ्याला भिंग लावलं. बायकोने पंखा बंद केला, दार लावलं, आणि मी काम करतोय तोवर स्वयंपाकघरात मिक्सरही लावला नाही. तिने एकदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून कापडी मास्क पुढे केला होता, पण मास्क लावला की भिंगावर वाफ धरते, म्हणून मी तो बाजूला ठेवला. औषधांनी हाताला कंप आला होता. आधी दिवसाला अर्धा तास जमायचं, मग तास. फिरकी फिरवायची, श्वास धरायचा, मोजायचं. एकवीस, बावीस. छातीत कुणीतरी दोरी आवळावी तसं व्हायचं. तरी मी चाळीसपर्यंत न्यायचो.

"तुम्ही भराभर मोजता," बायको एकदा दारातून म्हणाली.

"तू तुझं बघ," मी म्हणालो.

अकराव्या दिवशी सुई मधल्या रेघेवर आली आणि थांबली. मी बैठक सोडवली, तळ उलटा केला आणि खूण कोरली. त्रिकोण, खाली रेघ. कंपामुळे त्रिकोणाचा एक कोपरा जरा पुढे गेला, पण माझी खूण होती. त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो. धाकटा येऊन काटा घेऊन गेला आणि चार दिवसांनी दुसरा घेऊन आला.

दुसरा स्वच्छ होता. नवी पेटी, चकचकीत साखळ्या. दांडी पहिल्यासारखीच होती, पण त्याचं काही विशेष नाही, एका कारखान्याच्या दांड्या जुळ्या भावंडांसारख्या असतात. हाही डावीकडेच ओढत होता, मात्र थोडासाच. तिसरा त्याहूनही थोडा, पण डावीकडेच. मी धाकट्याला म्हटलंसुद्धा, "सगळी गिऱ्हाइकं डाव्या पारड्यावरच अन्याय करायला लागली की काय?"

तो हसला नाही. "घाईत असतात लोक," म्हणाला.

तिसरा काटा चालू असताना मोठ्या रस्त्यावरच्या सोनाराचा फोन आला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, जिभेला हाड नसलेला माणूस. म्हणाला, "अहो, आम्ही तर तुमची आशाच सोडली होती. परवा काटा मिळाला, उलटा करून बघितला, तुमची खूण दिसली आणि जीव भांड्यात पडला. सुई काय उभी राहते, वा. आजारी माणसाचं काम वाटत नाही."

मी फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड केलं. डोळे भरून आले होते आणि ते बायकोला दाखवायचे नव्हते. तो पहिला काटा असणार, असं मी धरून चाललो. त्या संध्याकाळी तीन गोळ्यांच्या खेळण्यातली दुसरी गोळी मी पूर्ण वर नेली. बायको म्हणाली, बघा, सुधारतंय. मी म्हणालो, सुधारतंय काय, सुधारलं.

चौथा काटा आला तेव्हा तपासणीला बारा दिवस होते. तो मी पाच दिवसांत सरळ केला. सहाव्या दिवशी सकाळी बायको आंघोळीला गेली असताना मी खूण करायला बैठक सोडवली आणि तळ हातात घेतला. भिंग लावलेलं नव्हतं. टोचणी शोधताना अंगठा तळावरून फिरला आणि एका जागी थोडा खाली गेला.

तिथे खळगी होती. डोळ्यांना दिसणार नाही इतकी उथळ, पण अंगठा बरोबर बसत होता. भिंग लावून बघितलं. काट्याच्या बैठकीचा तळ कधीच कुणी घासत नाही. तो ओतल्यावर जसा निघतो तसाच खरखरीत राहतो, कारण तो बघायचा कुणी. या तळाचा बाकी सगळा भाग तसाच होता. फक्त मी जिथे खूण करतो, तेवढी जागा आरशासारखी. आधी कानशीने घासलेली, मग बारीक कागदाने, मग कापडाने, मग पॉलिश लावून. आणि एकदा नाही, अनेकदा, नाहीतर खळगी पडत नाही.

हे कुणाचं काम ते ओळखायला मला क्षण लागला नाही. कानशीचा ओरखडा उरला की बाबा आमच्या बोटांवर पट्टी मारायचे. दुसरा कुणीही असता तर खूण घासून तळ तसाच ओबडधोबड सोडला असता आणि मला थांगपत्ता लागला नसता. धाकट्याच्या हाताला ते जमलं नाही. चोरी करतानासुद्धा त्याने पॉलिश केलं.

म्हणजे काटा एकच होता. एकच दळभद्री काटा, माळ्यावरून काढलेला, पेट्या आणि साखळ्या बदलून चार वेळा माझ्यापुढे ठेवलेला. मी सरळ करायचो, तो घेऊन जायचा, खूण घासायचा, काटा पुन्हा बिघडवायचा आणि मला आणून द्यायचा. रडणाऱ्या पोराला खुळखुळा देतात तसा.

अंगाचा तिळपापड झाला. काटा पिशवीत टाकला, चप्पल घातली आणि बाथरूमचं दार उघडायच्या आत जिना उतरलो.

घर ते दुकान पूर्वी अकरा मिनिटं लागायची. त्या दिवशी किती लागली ते मोजलं नाही. पहिल्यांदा विजेच्या खांबाला धरून थांबलो, मग दवाखान्याच्या पायरीवर बसलो, मग एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून उभा राहिलो. प्रत्येक थांब्यावर मी भाषण तयार करत होतो. तुला बाबांनी शिकवलं ते माझा पोरखेळ करायला का, इथपासून सुरुवात होती. तीस वर्षांचं सगळं त्यात होतं. चौथ्या थांब्यावर ते पाठ झालं.

दुकानाच्या दारात पोचलो तर आत पंखा बंद होता. माझ्या स्टुलावर फुलाफुलांची उशी होती आणि उशीवर भावजय बसली होती, डोळ्याला माझं जुनं भिंग लावून. तिच्यासमोर एका सोनाराचा काटा डुलत होता. धाकट्याने मला बघितलं आणि तळहात वर केला. थांब. माझ्या धापेचा आवाज त्याला नको होता. मी माझ्याच दुकानाच्या उंबऱ्याबाहेर तोंडावर रुमाल धरून उभा राहिलो. ती हलत नव्हती. पाठ हलत नव्हती, खांदे हलत नव्हते. मी मनात मोजायला लागलो आणि पन्नासाला सोडून दिलं. मग सुई थांबली, तिने श्वास सोडला आणि मागे वळून बघितलं.

"दादा," ती उठून उभी राहिली. "तुम्ही चालत आलात?"

मी पिशवी टेबलावर ठेवली. भाषण सुरू करायला तोंड उघडलं आणि भाषण नव्हतंच. शिव्या द्यायलासुद्धा श्वास लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दोनच शब्द निघाले.

"तीनदा बिघडवलास."

धाकट्याने पिशवीतून काटा काढला. तळ बघितला नाही, मला काय सापडलं ते त्याला न बघता कळलं.  मग म्हणाला, "बिघडवला नाही, दादा. पेट्या आणि जोखून सारख्या केलेल्या साखळ्या तेवढ्या बदलल्या, तोलाला मी हात लावला नाही. फक्त खूण घासली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी हात मागे नेऊन गिऱ्हाइकाची खुर्ची चाचपली.

"दाखव," मी म्हणालो.

त्याने काटा टेबलावर मांडला. दोन सारखी वजनं चिमट्याने उचलून पारड्यांत ठेवली. तीच वजनं, ज्यांच्यावर बाबांनी आम्हाला शिकवलं. मी खुर्चीत, टेबलापासून चार हात लांब, तोंडावर रुमाल. सुई डुलली, डुलली आणि थांबली. मधल्या रेघेपासून दीड रेघ डावीकडे.

 मला एव्हाना समजलं होतं. उजव्या डोळ्याला भिंग लावलं की माझं डोकं कलतं आणि नाक उजव्या पारड्यावर येतं. घरी मी श्वास धरलाय असं मला वाटत होतं, पण धरत नव्हतो. चाळीस मोजत होतो आणि बाराव्या आकड्यापासून तो नाकातून गळत होता. माझ्या श्वासाने उजवं पारडं दाबलं जायचं आणि मी तेवढं जुळवून फिरकी फिरवायचो. टेबलाशी मी असेपर्यंत काटा सरळ, मी उठलो की खोटा. माझ्याच फुंकरीचं वजन मी काट्यात धरत होतो. चारही वेळा.

"पहिला दुकानात नेऊन तपासला तेव्हा वाटलं, एखादा चुकतो," धाकटा म्हणाला. "म्हणून तोच पुन्हा दिला. वाटलं, या वेळी होईल."

"आणि मग?"

"मग कसं सांगायचं ते कळेना. वहिनी म्हणाल्या, सांगू नका. काम असलं की जेवतात."

भावजय मधे पडली, बोलून नाही, काम करून. तिने काटा स्वतःपुढे ओढला, फिरकी जराशी फिरवली आणि थांबली. आम्ही दोघेही थांबलो. मला खोकला आला. मी तो दाबला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबला, आणि तरी तो फुटला. पारडी हेलकावली. तिने कपाळाला आठी घातली नाही. नुसती वाट बघत राहिली, आणि सगळं शांत झाल्यावर पुन्हा श्वास धरला. सुई रेघेवर येऊन उभी राहिली. मी जन्मभर जशी उभी केली तशी.

मग तिने बैठक सोडवली, तळ उलटा केला, टोचणी उचलली आणि त्या चकचकीत खळगीत सवयीने खूण कोरली. त्रिकोण. खाली आडवी रेघ. रेघ ओढून झाल्यावर तिचा हात थबकला.



"किती काट्यांवर?" मी विचारलं.

"सगळ्या," धाकटा म्हणाला.

मोठ्या रस्त्यावरच्या सोनाराचा तो फोन आठवला. वा, आजारी माणसाचं काम वाटत नाही. भिंतीकडे तोंड करून मी रडलो होतो तो तिच्या कामावर.

"तुला हॉस्पिटलात नेलं तेव्हा दुकानात चौदा बारीक काटे पडून होते," धाकटा म्हणाला. "मी करून बघितले, नाही झाले. ही म्हणाली, मी बघू का. हिने केले. पण लोक तळ बघतात, दादा. हिची खूण कोण ओळखतं? एकानेही पुन्हा काटा आणला नसता इथे."

"म्हणून माझी खूण दिलीस हिला. आणि माझ्या काट्यावरची माझीच खूण घासलीस."

त्याचा चेहरा पडला. मी मारलं असतं तरी इतका पडला नसता.

"तो खोटा होता ना," तो म्हणाला. "खोट्या काट्यावर तुझी खूण कशी राहू द्यायची?"

  त्याच्या जागी मी असतो तर मीही घासली असती, आणि पॉलिशही केलं असतं.

भावजयीने पाणी आणून दिलं. मी प्यायलो. स्टुलावरची उशी ती हळूच काढायला लागली तेव्हा मी म्हणालो, राहू दे. तिला साखर मोजता येत नाही हे मी म्हणालो होतो, ते तिला आठवत असणार. तिने तो विषय काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"दादा," धाकटा म्हणाला, "तपासणीला सहा दिवस आहेत. तू ये. इथे खुर्ची टाकतो दारापाशी, वारा येतो. काटे ही करेल. खूण तू कर. हिची रेघ वाकडी येते, कुणाच्या तरी लक्षात येईल."

मी घरी आलो. तो रिक्षा करून देत होता, मी नको म्हणालो आणि पहिल्याच खांबाशी पस्तावलो. बायको दारातच उभी होती, केस ओले, चेहरा पांढराफटक.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"दुसऱ्या काट्यापासून."

"मग रोज पंखा कशाला बंद करत होतीस? मिक्सर कशाला थांबवत होतीस?"

 तिने माझं बोट धरलं, त्याला तो चिमटा लावला आणि आकडा बघत बसली. मी हात सोडवून घेतला नाही, कारण हात सोडवून घ्यायलाही जोर लागतो. मला तिचा राग आला होता. आजही येतो, अधूनमधून, विशेषतः ती मिक्सर लावते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी दुकानात गेलो. नाही जाणार असं रात्रभर ठरवलं होतं, पण सकाळी तीन गोळ्यांचं खेळणं घेऊन खिडकीशी बसलो आणि समोर दिवस केवढा मोठा पसरला होता ते दिसलं.

तेव्हापासून रोज जातो. दारापाशी खुर्ची आहे, वारा येतो. भावजय काटा सरळ करते, धाकटा बैठक सोडवून माझ्या मांडीवर ठेवतो, मी टोचणी घेतो. तपासणीच्या दिवशी सरकारी साहेब आले. त्यांनी एकेक काटा उचलला, तळ बघितला आणि पारडी न बघताच शिक्का मारला. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काका, मरणाच्या दारातून परत आलात आणि हात तसूभर हलला नाही." धाकट्याने मान खाली घातली. भावजय स्टुलावर होती, तिच्यापुढे काटा डुलत होता, म्हणून ती वळली नाही. मी म्हणालो, "सवय आहे साहेब."

दीडशे ग्रॅमनी काय होतंय, असं कुणी आता मला विचारलं तर मी भांडायला उठणार नाही.

कंप बराच कमी झालाय. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे बंद होतात आणि रेघ सरळ येते. खूण करायला श्वास धरावा लागत नाही.